ए-थ्री कागदावरची बिअर

चहा जरा जास्तच टाका. किस्सा लांबचा आहे आणि यातला गाढव मी स्वतः आहे. दुसऱ्याचा गाढवपणा मी दोन मिनिटांत उरकतो, पण स्वतःचा सांगायचा म्हटलं की मला सगळे तपशील आठवायला लागतात. मला सांगा, सौदी अरेबियात राहून घरात बिअरचे नळ बसवणारा आणि वर त्याचा कागदी पुरावा स्वतःच्या नावानिशी साहेबाच्या दाराशी ठेवून येणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर आज बघून घ्या.

लगेच असे डोळे मोठे करू नका. दारूचा एक थेंब नव्हता त्यात. तिथे दुकानात बिनदारूची बिअर मिळते, मॉल्टचं पेय. सफरचंदाच्या, डाळिंबाच्या स्वादाचं. लहान मुलंसुद्धा पितात. पण आम्ही वसाहतीतले सगळे भारतीय पुरुष तिला ऐटीत बिअरच म्हणायचो. बाटली उघडताना फस्स आवाज यायचा, त्यावर आमचं समाधान.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मी इंजिनियर होतो. मूळ नाशिकचा. घरात बायको माधवी आणि चौथीतली मुलगी सई. कंपनीचं बैठं घर, मागे सिमेंटचं छोटं अंगण. सगळं सुखात चाललं होतं. पण सुखात चाललेलं इंजिनियरला बघवतं का?

एके दिवशी इंटरनेटवर मला कुणा अमेरिकन गृहस्थाचं पान सापडलं. त्याने घरच्या फ्रिजमध्ये स्टीलच्या दोन टाक्या ठेवल्या होत्या. एकीत घरी केलेली बिअर, दुसरीत विकतची. बाजूला फेस आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलेंडर, आणि फ्रिजच्या दाराला बाहेरून दोन चकचकीत नळ. नळ ओढला की ग्लास भरला. मी ते पान तीन वेळा वाचलं. मग उठून आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रिजकडे बघितलं. माधवीने माझं ते बघणं बघितलं आणि म्हणाली, "नाही."

पुढचे दोन महिने मी तिला पटवत होतो. घरच्या बिअरच्या टाकीत आपण आलं-लिंबाचा सोडा भरू, तुझ्याच हातचा. विकतच्या टाकीत मॉल्ट. पाहुणे आले की नुसता नळ ओढायचा. ती म्हणायची, "अहो, सोडाच प्यायचाय ना? मग बाटली उघडा." आता याला काय उत्तर आहे? काही नाही. पण उत्तर नाही म्हणून माघार घेतली, असं माझ्या हातून आजवर कधी झालेलं नाही.

दम्मामला एक सरबताचं दुकान बंद होत होतं, तिथून दोन टाक्या आणल्या. सिलेंडर आग विझवण्याच्या सामानाच्या दुकानातून. नळ पाटणकरच्या मेहुण्याने अमेरिकेतून आणले. हा पाटणकर माझ्याच विभागात, पुण्याचा, आणि आमच्या समोरच राहायचा. मग एका शुक्रवारी माधवी सईला घेऊन वाढदिवसाला गेलेली असताना मी ड्रिल मशीन काढलं आणि फ्रिजच्या दाराला दोन भोकं पाडली. त्या फ्रिजमध्ये तिचा भारतातून आणलेला कढीपत्ता, ओल्या नारळाचा चव आणि आईने दिलेलं मिरचीचं लोणचं होतं. त्या आठवड्यात मला जेवायला काय काय मिळालं नाही, ते सांगत बसत नाही.

पण नळ चालू झाले हो! पहिला ग्लास सईने ओढला. दुसरा माधवीने. तिसऱ्या ग्लासाला ती हसली. मला एवढा आनंद झाला की मी पाटणकरला बोलावून त्याला दोन्ही नळ चार-चार वेळा ओढायला लावले. बिचारा ढेकर देत घरी गेला.

इथेच थांबलो असतो तर? पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की त्याचं ड्रॉइंग हवं. ड्रॉइंग नाही म्हणजे ते काम झालेलंच नाही. म्हणून मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या फ्रिजचं रीतसर ड्रॉइंग काढलं. टाकी एकशे एक, टाकी एकशे दोन. प्रत्येक नळीचा व्यास, प्रत्येक नळाला नंबर. वर ठळक अक्षरांत इंग्रजीत नाव दिलं: घरगुती बिअर वितरण यंत्रणा, घरी गाळलेली आणि विकतची. त्या अमेरिकन गृहस्थाचे शब्द जसेच्या तसे. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव, माझा कर्मचारी क्रमांक, आणि 'मंजुरी' या चौकटीत लिहिलं, माधवी.

मला वाटलं, फ्रेम करून फ्रिजवर लावू. ए-थ्री, म्हणजे मोठ्या आकाराचा कागद आमच्या मजल्यावर एकाच प्रिंटरमध्ये होता आणि तो प्रिंटर अबू नासेर यांच्या केबिनच्या दाराशी. अबू नासेर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. हुफूफचे. तिथे त्यांची खजुराची बाग. बोलणं कमी, आणि लाल पेन कायम खिशात. बुधवारी दुपारी मी प्रिंटची आज्ञा दिली. सवयीने तीन प्रती. उठून घ्यायला निघालो तेवढ्यात कंट्रोल रूममधून फोन आला, की एक व्हॉल्व्ह अडकलाय, लगेच या. मी तसाच प्लांटवर पळालो.

दीड तासाने परत आलो, तर प्रिंटरचा ट्रे रिकामा.

मी कागदांच्या कपाटात बघितलं. केराच्या टोपलीत बघितलं. प्रिंटरखाली वाकून बघितलं. उठलो तेव्हा केबिनच्या दारात अबू नासेर उभे होते. त्यांनी नुसती मान हलवून मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. सहा वर्षांत त्यांनी कधी दार लावलं नव्हतं.

टेबलावर माझी तिन्ही ड्रॉइंगं.

"मोहंदिस," ते म्हणाले. तिकडे इंजिनियरला अशीच हाक मारतात. "हे खरंच तुझ्या घरात आहे?"

मी होय म्हणालो. खोटं बोलायला सुचायलासुद्धा डोकं लागतं, ते तेव्हा जागेवर नव्हतं.

सिलेंडरही घरातच आहे का, असं त्यांनी विचारलं. मी होय म्हणालो. किती माणसं पितात? मी म्हणालो, तिघं, मुलगी धरून. "मुलगीसुद्धा," ते पुटपुटले. मग म्हणाले, "उद्या दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर मी तुझ्या घरी येतो. तोवर त्याला हात लावू नको. आणि विभागात कुणाला एक शब्द बोलू नको."

मी बाहेर आलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल? बरोबर. पाटणकरला सांगितलं.

पाटणकरने पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वैद्या, गेलास तू." मी म्हटलं, अरे पण त्यात दारू नाहीये. तो म्हणाला, कागदावर काय लिहिलंयस? घरी गाळलेली. स्वतःच्या नावासकट. इथे संशयावरसुद्धा इकामा रद्द होतो, आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला की दोन दिवसांत विमानात. आणि मंजुरीत वहिनींचं नाव टाकलंयस, म्हणजे त्यापण आल्याच. हात लावू नको म्हणाले ना? म्हणजे पंचनामा.

सईची शाळा अर्ध्यावर. नाशिकला आमच्या घराचं काम नुकतं जोत्यापर्यंत आलेलं. गावाला काय सांगणार? की पोरगा सौदीला गेला आणि बिअरच्या पायी परत आला, तीसुद्धा बिनदारूच्या? निदान खरी तरी प्यायला हवी होती, असं म्हणतील लोक.

घरी आल्यावर माधवीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग दाखवा ना त्यांना. त्यांना एक ग्लास प्यायला द्या. कळेल त्यांचं त्यांना."

एवढं सरळ, एवढं सोपं. ऐकायला नको होतं का मी? पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पंचनामा होता. तिचं म्हणणं मी हातानेच उडवून लावलं.

गुरुवारी तिकडे तेव्हा सुट्टी असायची. सकाळी नऊला मी आणि पाटणकर कामाला लागलो. नळ काढले, नळ्या काढल्या, सगळं सईच्या पलंगाखाली सरकवलं. सिलेंडर चटईत गुंडाळून पाटणकरच्या गाडीच्या डिकीत टाकला. फ्रिजच्या दारावरची दोन भोकं राहिली, त्यांवर सईचं शाळेचं वेळापत्रक चुंबकांनी लावलं. आता उरल्या दोन भरलेल्या टाक्या. सोडा गेला घरापुढच्या खजुराच्या रोपाला. मॉल्टची टाकी काठोकाठ भरलेली होती. ती मी न्हाणीघरात उपडी केली.

आता हे पेय आधीच फेसाळ, त्यात मी दोन आठवडे गॅस भरलेला. ते न्हाणीघराच्या मोरीत गेलं आणि खाली जाऊन त्याने विचार बदलला. अंगणात एक जाळी होती, घराचं सांडपाणी जिथून जायचं ती. त्या जाळीतून पांढरा फेस वर यायला लागला. आणि वास! इतके दिवस ज्या घराला कसला वास नव्हता, ते घर सकाळी साडेदहाला दारूच्या गुत्त्यासारखं घमघमायला लागलं.

"वास मारायला हवा," पाटणकर म्हणाला, आणि मला काही कळायच्या आत त्याने जाळीवर कपडे धुण्याच्या पावडरीचा अख्खा डबा उपडा केला, वर पाण्याचा पाइप सोडला.

तुम्ही घरी कपडे धुता ना? मग पुढचं मी सांगायला नको. फेस घोट्यापर्यंत आला. मग गुडघ्यापर्यंत. सई शाळेचे बूट घालून त्यात नाचत होती आणि ओरडत होती, "पप्पा, इट्स स्नोइंग!" आम्ही दोघं सुपल्या घेऊन तो फेस कोपऱ्यात लोटत होतो, आणि लोटावा तेवढा तो वाढत होता. माधवी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दहा मिनिटं बघितल्यावर तिने खिडकी लावून घेतली.

दुपारचे दोन वाजले तरी वास जाईना. आता त्याला साबणाचाही वास लागला होता. शेवटी माधवीलाच माझी दया आली. ती माहेरची रत्नागिरीची. तिने डब्यातून सुके बोंबील काढले आणि तव्यावर भाजायला टाकले, नेहमी भाजते त्याच्या चौपट. वर उदबत्त्या लावल्या, सहा. वसाहतीतल्या शेजारणीने दिलेला उदाचा तुकडाही पेटवला. घरात एवढा धूर झाला की मला पाटणकर दिसेना. तो खोकत म्हणाला, मी फाटकापाशी थांबतो, त्यांची गाडी आली की तुला एक मिस्ड कॉल देतो. आणि तो गेला. खरा मित्र हा. संकट दारात आलं की तो फाटकाजवळ असतो.

साडेतीनला मिस्ड कॉल आला. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा. एक म्हणजे गाडी, मग तीन म्हणजे काय? पोलिस? मी सोफ्यावर बसलो. नंतर कळलं, त्या घाबरटाने घाईत बटण तीनदा दाबलं होतं.

माधवीने दार उघडलं. अबू नासेर एकटेच होते. एका हातात खजुराचा डबा, दुसऱ्या हातात गुंडाळलेलं ड्रॉइंग. आत पाऊल टाकलं आणि ते खोकायला लागले. काय जळतंय, असं त्यांनी विचारलं. माधवी म्हणाली, मासे. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले.

"यल्ला, चल, मोहंदिस. कुठे आहे?"

रात्रभर पाठ केलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं. ते फक्त ड्रॉइंग आहे सर. माझ्या मेहुण्यासाठी. नाशिकला. इथे असं काहीच नाही. काल माझा जरा गोंधळ झाला.

अबू नासेर सरळ स्वयंपाकघरात गेले. फ्रिजसमोर उभे राहिले. सईचं वेळापत्रक वाचलं. मग ते अलगद उचललं आणि खालच्या भोकात बोट घातलं. ते बोट आत असतानाच त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. अंगणात कमरेएवढा फेस होता आणि त्यात सईचा एक बूट तरंगत होता.

"ते काय आहे?" त्यांनी विचारलं.

सईने उत्तर दिलं. "अंकल, दॅट्स द बिअर. पप्पाने सब फेक दिया. बाकी सामान मेरे बेड के नीचे है."

भारतीय शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी डोळे मिटून घेतले. विमान, नाशिक, अर्धवट जोतं, सगळं एका रांगेत दिसलं.

डोळे उघडले तर अबू नासेर जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरत होते. तिन्ही प्रतींपैकी एक. तिच्यावर लाल पेनाच्या खुणा. एवढ्या खुणा, की मूळ काळ्या रेषा शोधाव्या लागत होत्या. त्यांनी टाकी एकशे दोनच्या झाकणावर बोट ठेवलं. "इथे तू बूच दाखवलंयस. इथे आधी काय होतं?"

आता तुम्हाला एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. मुद्दाम नाही सांगितली, लाज वाटली म्हणून. त्या जुन्या टाक्यांच्या झाकणावर एक छोटं बटण होतं, ते सारखं फुसफुसायचं. गॅस वाया जातो म्हणून मी ते दोन्हीकडचं काढलं आणि तिथे पितळी बूच घट्ट बसवलं. त्याचा मला एवढा अभिमान की ड्रॉइंगमध्ये बाण काढून 'सुधारणा' असं लिहिलं होतं.

"सेफ्टी व्हॉल्व्ह," मी पुटपुटलो.

"माझ्या कुकरलासुद्धा असतो," माधवी मागून म्हणाली.

अबू नासेर यांनी खिशातून दोन नवेकोरे सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले. सकाळी स्वतः दम्मामच्या बाजारातून आणलेले. ते म्हणाले, काल ड्रॉइंग बघितल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. घरात लहान मूल, आणि तू टाकीचं नाक दाबून आत गॅस भरतोयस. फुटली तर? म्हणून म्हटलं हात लावू नको. आणि विभागात कुणाला कळलं असतं तर? अठरा वर्षांचा अनुभव असलेला माझा माणूस, आणि हे ड्रॉइंग. म्हणून तिन्ही कागद मी उचलून आणले.

मग त्यांनी विचारलं, पण तू सगळं फेकून का दिलंस?

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. मी सांगून टाकलं. इकामा, पंचनामा, दोन दिवसांत विमान, सगळं. सांगता सांगता माझंच मला ऐकवेना. सहा वर्षं ज्या माणसाने माझी चूक चारचौघांत कधी काढली नाही, तो माझ्या मुलीच्या काळजीने सुट्टीच्या दिवशी बाजार हिंडत होता, आणि मी त्याच्या भीतीने घरात बोंबील जाळत होतो. फार शरमल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली.

अबू नासेर यांचे खांदे हलायला लागले. गंभीर माणूस हसायला लागला की थांबत नाही. ते टेबल धरून हसले, चष्मा काढून हसले. माधवी हसायला लागली. सई तर अंगणातच पळाली, फेसात. आवाज ऐकून पाटणकर फाटकावरून धावत आला, दारात उभा राहून विचारायला लागला, काय झालं, काय झालं, आणि त्याच्या बगलेत, पोलिस गाडी तपासतील या भीतीने डिकीतून काढलेला, चटईत गुंडाळलेला सिलेंडर होता. ते बघून अबू नासेर खुर्चीत बसले.

त्यानंतर त्यांनी बाह्या सारल्या. सईच्या पलंगाखालून सामान काढलं. दोन्ही बुचं फेकली, व्हॉल्व्ह बसवले, नळ्या जोडल्या. मी फक्त पाना-पक्कड देत होतो. पाटणकरने दुकानातून मॉल्टच्या बाटल्या आणल्या. तासाभरात नळ सुरू झाला, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा छान सुरू झाला. पहिला ग्लास अबू नासेर यांनी सईला दिला, दुसरा स्वतः घेतला, त्याबरोबर हुफूफचे खजूर आणि माधवीचे बोंबील. बोंबील त्यांना फार आवडले. दोनदा मागून घेतले.

निघताना दारात ते थांबले. ड्रॉइंगची गुंडाळी माझ्या हातात दिली.

"मोहंदिस," ते म्हणाले, "बिअरच्या पायी तुला इथून कुणी परत पाठवणार नाही. पण हे ड्रॉइंग पुन्हा प्रिंट केलंस, तर मी स्वतः तुला विमानतळावर सोडायला येईन."